पद्मिनीची थरथर: डिफ उतरवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, आजोबांची, दादरला बिल्डिंगच्या आवारात उभी असते. गेल्या मे महिन्यात पत्राकाम, रंग, मागचे पाटे (कमानीच्या स्प्रिंगा), खालून काळं कोटिंग असं सगळं करून घेतलंत. त्यानंतर तीन तक्रारी सुरू झाल्या. ताशी ५५ ते ६५च्या दरम्यान सीटखाली थरथर येते, ती ७०च्या पुढे कमी होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना मागून 'घूं' असा आवाज येतो. आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना एकदा 'टक्' होतं. न्यूट्रलला टाकली की घूं थांबतो, थरथर मात्र राहते. गिअरबॉक्सपासून मागे जोर नेणाऱ्या शाफ्टचे क्रॉस (वळते जोड) दोनदा बदलले, टायर चारही नवे घेतले, बॅलन्सिंग दोनदा केलं. आता तिसरा मेकॅनिक म्हणतोय की डिफ (डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारी दात्यांची पेटी) गेला, माझ्याकडे एक जुना पडलाय, तो टाकू.

निदान पुढच्या रविवारपर्यंत तरी डिफला कोणाला हात लावू देऊ नका.

मी १९८१ साली भायखळ्याच्या एका गल्लीत पोऱ्या म्हणून लागलो. तेव्हा दिवसाला पाच-सहा टॅक्स्यांच्या खाली घुसायचो, आणि जवळपास सगळ्या कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आलेल्या. आमचा उस्ताद गाडी हलवायच्या आधी ड्रायव्हरला एकच विचारायचा, "कधी वाजते?" कुठून वाजते असं तो कधी विचारत नसे, कारण त्याचं उत्तर हमखास चुकीचं येतं हे त्याला ठाऊक होतं. पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळा एकच पत्र्याचा डबा. शाफ्टला मध्ये धरणाऱ्या सेंटर बेअरिंगमध्ये सुरू झालेली थरथर मागच्या सीटखाली जाणवते, सायलेन्सर तळाला टेकला तर आवाज डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो. कान फसतात. 'कधी' या प्रश्नाचं उत्तर मात्र फसवत नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य न्यूट्रलचं आहे. न्यूट्रलमध्ये घूं थांबतो आणि थरथर राहते, म्हणजे ही दोन वेगळी दुखणी आहेत. तिन्ही मेकॅनिकनी ती एकच धरून औषध दिलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालंय.

गाडीत फिरणाऱ्या वस्तूंची तीन घराणी आहेत आणि प्रत्येकाचा ताल वेगळा. पहिलं इंजिन, फ्लायव्हील, क्लच. दुसरं गिअरबॉक्सच्या मागचा शाफ्ट आणि डिफचा पिनियन, म्हणजे शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक. तिसरं अ‍ॅक्सल, ड्रम, चाकं. तुमच्या टायरचा परीघ साधारण १.८५ मीटर धरा. खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली की नेमका मिळेल. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ९ फेरे घेतं. डिफचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती, पद्मिनीत सव्वाचारच्या आसपास असतो, म्हणजे शाफ्ट सेकंदाला ३८-३९ फेरे. टॉप, म्हणजे चौथा, गिअर सरळ असल्यामुळे इंजिनही तेवढेच.

या गाड्यांत मागे कोणी काय बसवलंय याचा भरवसा नाही, तेव्हा रेशो स्वतः मोजा. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचलून अ‍ॅक्सलखाली घोडी (लोखंडी टेकू) द्या. दुसरं जमिनीवर टेकलेलंच राहू द्या. शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल तो तुमचा रेशो. दोन फेरे अशासाठी, की एक चाक थांबलेलं असताना डिफ दुसऱ्याला दुप्पट फिरवतो.

आता हे आकडे कशाला? तुमची थरथर हातात मोजता येते. ढोबळ, गाडी डोलल्यासारखी, सेकंदाला आठ-दहा धक्के असतील तर चाक. सीटमधून मुंग्या आल्यासारखी, आरशातलं चित्र पुसट करणारी असेल तर चाळिशीच्या आसपासची, म्हणजे शाफ्ट किंवा इंजिन. तुम्ही लिहिलंय, 'मागचं वर्तमानपत्र सीटवर बडबडतं.' कागद चाकाच्या तालावर बडबडत नाही. मोबाइलवर कंपन मोजणारं फुकट अ‍ॅप मिळतं. फोन हातात न धरता बोगद्यावर, म्हणजे गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्यावर, टेपने घट्ट चिकटवा आणि शेजारच्याला आकडा वाचू द्या. पण बऱ्याच फोनचं सेन्सर सेकंदाला शंभरच नोंदी घेतं, त्यामुळे ५०च्या वरचं काही त्यात दिसत नाही, दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आणि टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच तालावर असल्यामुळे ३८चा आकडा बघून दोघांत कोण दोषी हे अ‍ॅप सांगू शकत नाही. ते रस्त्यावर कळतं.

रविवारी सकाळी सहाला निघा. पी. डि'मेलो रोडवरून ईस्टर्न फ्रीवेवर चढा आणि चेंबूरच्या दिशेने जा. शेजारी वही-पेन घेऊन कोणीतरी हवं. वेग फोनच्या जीपीएसवर बघा, पद्मिनीचा काटा मनाने चालतो. पुलाच्या सांध्यांचा धड-धड असा एकसारखा आवाज येईल, तो आधी कानातून वजा करायला शिका. आमच्या गॅरेजात एकाने त्या सांध्यांच्या आवाजासाठी दोन शॉकअब्झॉर्बर बदलून घेतले होते.

पहिलं, टॉपमध्ये ६० धरा. थरथर आली? त्याच ६०ला तिसरा गिअर टाका. इंजिन दीडपट फिरेल, शाफ्ट आणि चाकं पूर्वीइतकीच. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले, दोष गिअरबॉक्सच्या मागे. थरथर ६०ला थांबली आणि तिसऱ्यात ४०च्या आसपास सापडली तर ती इंजिनाच्या तालावर आहे. मग गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, तेवढ्याच आवाजापर्यंत रेस करून बघा. उभ्या गाडीतही आली तर इंजिन माउंटिंग किंवा सायलेन्सर, तिथेच संपलं.

दुसरं, ६०ला न्यूट्रल. किल्ली बंद करायची नाही, मागे ट्रक नाही ना बघायचं. हे तुम्ही केलंय: थरथर राहिली. म्हणजे जोर असो-नसो, नुसत्या फिरण्याने ती येते. शाफ्टचं वजन, सेंटर बेअरिंग, चाक, ड्रम यांपैकी काहीतरी.

तिसरी चाचणी लोक करतच नाहीत आणि डिफसाठी तीच खरी. ६०ला तीन प्रकारे चालवा. आधी दाबून, म्हणजे वेग वाढतोय असा. मग पाय पूर्ण काढून, गिअरमध्येच, वेग उतरतोय असा. आणि मग मधलं: वेग वाढतही नाही, घटतही नाही, पिनियनचा दात क्राऊनवर (पिनियन फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकावर) ना इकडे ना तिकडे, नुसता तरंगतोय असा. तिन्ही वेळा घूं कसा बदलतो ते लिहून ठेवा.

परत येताना जमलं तर कोस्टल रोडवरून, गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी पार्क या बोगद्यातून, काचा खाली करून जा. भिंत आवाज परत देते. जो आवाज उघड्या रस्त्यावर हवेत विरतो तो तिथे स्वच्छ ऐकू येतो. पूर्वी आम्ही यासाठी टॅक्सी एखाद्या गोदामाच्या लांब भिंतीला समांतर चालवायचो.

आता थरथरीकडे. माझा पहिला संशय त्या काळ्या कोटिंगवर आहे. पावसाळ्याआधी गंजरोधक डांबरी रंग मारणारे पोरगे खालचं सगळं एका दमात काळं करतात. डिफचं बाहेरचं हौसिंग, पाटे, हँडब्रेकची वायर आणि शाफ्टसुद्धा. शाफ्टवर हा रंग कधी एकसारखा बसत नाही, खालच्या बाजूला ओघळून थर जमतो. दहा ग्रॅमचा थेंब म्हणजे वीसएक शेंगदाण्यांचं वजन. पण साडेतीन सेंटिमीटरच्या त्रिज्येवर, सेकंदाला ३८ फेऱ्यांनी, तो दोन किलोच्या जोराने शाफ्ट ओढतो. ८०ला साडेतीन किलोच्या वर. वेग दुप्पट तर ओढ चौपट. तुमच्या शाफ्टला किती ग्रॅम लागलाय कोण जाणे. गाडीखाली जाऊन टॉर्च मारा. नळीवर काळे ओघळ दिसले तर रॉकेलचं फडकं आणि लाकडी पट्टी घेऊन तो पूर्ण साफ करा. लोखंडी पट्टीने ओरखडू नका, आणि नळीवर वेल्ड केलेली छोटी पत्री दिसली तर ती कचरा समजून उडवू नका. ते कारखान्यातलं बॅलन्सचं वजन आहे. एका उत्साही पोऱ्याने ते छिन्नीने काढल्याचं मी पाहिलंय. तो पोऱ्या मीच होतो.

पण एक गोष्ट जुळत नाही. नुसत्या वजनाची थरथर वेगाबरोबर वाढतच जाते, तुमची ७०नंतर कमी होते. ठरावीक वेगात उसळून पुढे शांत होणारी थरथर म्हणजे कुठेतरी रबर झोका घेतंय. पद्मिनीचा शाफ्ट दोन तुकड्यांत आहे, मध्ये सेंटर बेअरिंग रबरात टांगलेलं. रबर ढिलं झालं किंवा फाटलं की शाफ्टची थोडीशी ओढ एका वेगात झोक्याला लय सापडल्यासारखी वाढते. म्हणून मला दोन्ही दिसतात: ओढ कोटिंगची किंवा क्रॉसची, आणि तिला झोका रबराचा. सेंटर बेअरिंगजवळ शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. रबर दबून परत यायला हवं. भेगा, तेलाने फुगलेलं रबर, किंवा शाफ्ट मधोमध नसून खाली बसलेला दिसला तर बदला. बेअरिंग फिरवताना खरखर लागली तर तेही. आजकाल बाजारात मिळणारं रबर कधी दगडासारखं कडक असतं, त्याने थरथर जात नाही, फक्त वेग बदलतो. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे जुन्या साठ्यातला मिळाला तर नखाने दाबून बघा, पंधरा-वीस वर्षं खोक्यात पडलेलं रबरही मरतं.

मग क्रॉस. दोनदा बदलले म्हणता, म्हणजे शाफ्ट दोनदा उतरला. उतरवताना खुणा केल्या होत्या का, हे विचारा. एकाच तुकड्याच्या दोन टोकांचे फॉर्क (क्रॉस धरणारी बेचकी) एकाच सपाटीत असावे लागतात. स्प्लाइनवर (लांबट खाचांवर) सरकणारा जोड एक दात जरी फिरवून बसवला तरी दोन क्रॉस एकमेकांचा झटका रद्द करण्याऐवजी वाढवतात, आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के येतात. कारखान्यातल्या बाणाच्या खुणा असतात, पण तुमच्याकडे त्यांच्यावर आता काळा रंग आहे. शाफ्टच्या बाजूने एका डोळ्याने बघितलं तरी फॉर्क वाकडे-तिकडे आहेत का ते कळतं.

क्रॉस बसवण्यातही दोन हमखास चुका होतात. क्रॉसच्या टोकावरच्या टोपीतली एक सुई (बारीक रोलर) आडवी पडते, टोपी पूर्ण आत जात नाही, मग मेकॅनिक सर्क्लिप (टोपी अडवणारी कडी) हातोडीने ठोकून बसवतो. असा जोड हाताने हलवला की एका जागी अडकतो. किंवा दोन बाजूंच्या सर्क्लिप वेगळ्या जाडीच्या असतात आणि क्रॉस मध्यावर बसत नाही, शाफ्टचा अख्खा तुकडा अर्धा मिलिमीटर बाजूला फिरतो. तो कितीही बॅलन्स करा, उपयोग नाही. चांगला जोड हाताला मऊ आणि एकसारखा लागतो, डुगडुगत नाही आणि अडतही नाही. ग्रीसचं निपल नसलेले क्रॉस आले असतील तर समुद्राकाठच्या गाडीत मला ते आवडत नाहीत. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी सुयांच्या जागी गंजाच्या रेघा घेऊन बाहेर येते.

तुम्ही पाटेही बदललेत, हे प्रश्नात सहज लिहून गेलात. जास्तीचा पाटा टाकला, किंवा कमान वाढवली, की गाडी मागून उंच होते आणि पिनियनचं तोंड वेगळ्या कोनात जातं. क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आत असला तर तो गप्प फिरतो. दहा अंशांवर शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दीड टक्क्याने पुढे-मागे होतो. कोन अगदी शून्यही नको, सुया एकाच जागी घासतात. मोजायला फोनमधला कोनमापक चालतो. गाडी चाकांवर उभी असतानाच, गॅरेजच्या खड्ड्यात उतरून, पिनियन फ्लॅन्जच्या (शाफ्ट जोडायच्या चकतीच्या) सपाट भागावर आणि मग शाफ्टच्या नळीवर धरायचा. दोन्हीतला फरक म्हणजे त्या क्रॉसचा कोन (फ्लॅन्जचं तोंड आडवं असतं, म्हणून ९० अंश वजा करून). जॅकवर उचललेल्या गाडीत मोजलात तर आकडा फेकून द्या, अ‍ॅक्सल लोंबकळत असतो. जोराने निघताना १५-२० च्या वेगात जी गदगद येते ती बहुधा याच कोनाची असते. क्लचची गदगद क्लच पूर्ण सुटला की संपते, कोनाची पुढेही थोडी चालते.

हे सगळं झाल्यावरही थरथर उरली तर घोड्यांवरची चाचणी. घोड्या अ‍ॅक्सलखालीच, बॉडीखाली नाही. मागची चाकं आणि ड्रम दोन्ही काढा. इंजिन सुरू करून टॉपमध्ये ६०च्या काट्यापर्यंत न्या. ब्रेकला पाय लावायचा नाही, ड्रम नसताना सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील. एकही चाक बसवलेलं असताना हे करू नका, कारण एक बाजू अडली तर दुसरी दुप्पट फिरते. खाली कोणीही झोपायचं नाही, बाजूने बघायचं, सैल बाही नको. थरथर तशीच आली तर चाकं, ड्रम दोन्ही निर्दोष. टायरवर खर्च केला तो गेला, पण निदान नवे टायर राहिले.

शाफ्ट बॅलन्स करायची मशीन असलेले लोक मुंबईत आहेत, पण दोन तुकड्यांचा शाफ्ट जोडलेल्या अवस्थेत घेणारा शोधा. तोवर घरगुती उपाय: मागच्या तुकड्याच्या डिफकडच्या टोकाला खडूने १ ते ४ अशा चार दिशा लिहा. पाण्याच्या पाइपला लावतात ती पट्टीची क्लिप शाफ्टवर आवळा, स्क्रूचं डोकं १ वर. फेरी मारा. मग २, ३, ४. एका दिशेला थरथर कमी होते, एकीला वाढते. कमी झाली त्या जागेच्या आजूबाजूला थोडी सरकवा, लागलं तर दुसरी क्लिप लावून दोन्ही स्क्रू एकमेकांपासून हळूहळू लांब न्या, म्हणजे वजन कमी-जास्त करता येतं. वेळखाऊ काम आहे. मला मात्र ते मशीनपेक्षा आवडतं, कारण त्यात शाफ्ट गाडीतच असतो, आपल्याच रबरावर.

आता घूं. इथे तिसऱ्या चाचणीचं उत्तर हवं. दाबल्यावरच वाजतो आणि पाय काढल्यावर शांत, तर क्राऊन-पिनियनच्या दातांची एकच बाजू बोलतेय: पिनियन आपल्या जागेवरून हललाय किंवा दात त्या बाजूने घासलेत. दोन्हीकडे वाजतो पण सूर वेगळा, तर पिनियनचे बेअरिंग. तरंगताना सगळ्यात जास्त कुरकुरतो, तर दातांमधली फट. जोर असो-नसो एकसारखा खरखरतो आणि गाडी डावी-उजवीकडे हलकेच वळवली की बदलतो, तर अ‍ॅक्सलचं बेअरिंग. फक्त वळणावर वाजतो तर डिफमधले छोटे दाते. सुरावरूनही कळतं: पिनियनला दहाएक दात धरले तर ६०ला दातांचा सूर सेकंदाला पावणेचारशेच्या आसपास पडतो, म्हणजे गुणगुणण्यासारखा, माणूस गाऊ शकेल असा. बेअरिंगला सूर नसतो, नुसती खरखर.

तुमचा घूं मे महिन्यानंतरच का सुरू झाला, हा प्रश्न कोणी विचारला का? क्राऊन-पिनियन रंगकामाच्या पंधरा दिवसांत झिजत नाही. इथेही मी कोटिंगकडेच बोट दाखवतो. हौसिंगवर हवा सुटण्यासाठी एक छोटा ब्रीदर असतो. तो डांबराने बुजला की गरम झालेल्या हौसिंगमधली हवा ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलते. पिनियनच्या सीलपाशी ओलं, मागच्या ड्रमच्या आतल्या बाजूला तेलाचा डाग, आणि आत तेल कमी. तेल कमी झालं की डिफ पहिल्यांदा दाबल्यावरच बोलतो. ब्रीदर तारेने साफ करा, लेव्हलच्या नटातून बोट घालून तेल बघा. कमी असेल तर ९० नंबरचं, डिफसाठीचं भरा आणि पन्नास किलोमीटर चालवून मग ऐका. काढलेलं तेल स्वच्छ ताटलीत ओतून उन्हात बघा. बारीक चंदेरी चमक चालते, नखाला टोचेल असा कण चालत नाही.

दुसरी शक्यता: कोणी 'गळतंय' म्हणून पिनियनचं सील बदललं आणि समोरचा मोठा नट हवेच्या गनने हाणला. त्या नटावर पिनियनच्या बेअरिंगचा ताण ठरतो. सैल राहिला तर पिनियन पुढे-मागे होतो, जास्त आवळला तर बेअरिंग जळतं. फ्लॅन्ज धरून पुढे-मागे ओढा. जरासुद्धा हललं तर ते आधी, बाकी सगळं नंतर.

तेल भरायच्या आधी एक जुनी गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात एक टॅक्सी आली, नुकतीच विकत घेतलेली, डिफ अगदी गप्प. तीन आठवड्यांनी भोंग्यासारखा वाजायला लागला. उघडला तर आत लाकडाचा भुसा आणि तेलाचा लगदा. विकणाऱ्याने आवाज दाबायला भरला होता. केळीची सालं टाकतात असंही मी ऐकलं होतं, भुसा मात्र स्वतःच्या हाताने काढला. आज जुन्या डिफचा व्यवहार करताना मला तोच लगदा आठवतो.

'टक्'चं काम सोपं आहे. चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे पिळा आणि दुसरा माणूस एकेक जोड बोटाने धरून बघू दे. क्रॉसमध्ये फट असेल तर बोटालाच कळते. स्प्लाइनमध्ये थोडी असतेच. डिफकडे शाफ्ट थोडा हलून मग दात टेकतात, तेवढं या वयाच्या गाडीत माफ. पण नवे पाटे म्हटल्यावर मी आधी पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट बघेन. नवा पाटा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बसतो, यू-बोल्ट सैल होतात, आणि निघताना अ‍ॅक्सल पाट्यावर किंचित सरकतो: टक्. पाना घेऊन आवळा. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलंय का तेही बघा, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका राहतो.

गिअरबॉक्सबद्दल फार लिहीत नाही, तुमची लक्षणं तिकडची नाहीत. कोणाला शंका असेल तर एवढंच लक्षात ठेवा की टॉपमध्ये जोर सरळ आरपार जातो, खालचा शाफ्ट नुसता फिरत राहतो. पहिल्या तिन्ही गिअरांत वाजून टॉपमध्ये शांत झाला तर गिअरबॉक्स, टॉपमध्येही तोच आवाज राहिला तर मागे शोधा. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये खरखर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. उलट दाबल्यावर सुरू होते तर क्लचचं रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्सचं मागचं माउंटिंग मात्र बघून घ्या. तेलाने भिजून रबर लोण्यासारखं झालं की शाफ्टचं पुढचं टोक खाली झुकतं आणि वर सांगितलेला कोन बिघडतो.

कामाचा क्रम असा ठेवा: शाफ्ट आणि ब्रीदर साफ, तेलाची लेव्हल, यू-बोल्ट. यात एक पै खर्च नाही, तेल सोडून. मग फ्रीवे. मग सेंटर बेअरिंग, फॉर्कची दिशा, क्रॉस. शाफ्ट आधी आणि डिफ नंतर, कारण थरथरणारा शाफ्ट पिनियनचं बेअरिंग आणि सील खातो. उलट्या क्रमाने केलंत तर चांगला डिफही सहा महिन्यांत वाजेल. एकेक वस्तू बदला आणि प्रत्येक वेळी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जाऊन बघा. दोन गोष्टी एकदम केल्यात तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्स्यांची वीस वर्षांची मुदत संपली आणि त्या रस्त्यावरून गेल्या. तेव्हापासून अर्ध्या तासात हे सगळं ऐकून सांगणारी माणसंही पांगली. गॅरेजात आज जो पोरगा आहे त्याने मागच्या चाकाला जोर देणारी गाडी क्वचितच उघडली असेल, त्याचा दोष नाही. खुणा, फोटो, वही तुम्हीच सांभाळा. शाफ्ट उतरण्याआधी प्रत्येक जोडावर पांढऱ्या रंगाची रेघ तुमच्या हाताने मारा.

आणि तो जुना डिफ. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, दोन जोड्यांतले मिसळले की कितीही शिम (पातळ चकत्या) घाला, रडतात. घ्यायचीच वेळ आली तर पैसे देण्याआधी झाकण उघडायला लावा. क्राऊनवर कोरलेला आकडा आणि पिनियनच्या तोंडावरचा आकडा एकच आहे का, ते स्वतः टॉर्च मारून बघा.